गाडी पळेल, पण मूल खेळेल का?

बॅटरीवर चालणारा ट्रॅक सेट निवडताना

खेळण्यांच्या दुकानात ट्रॅक सेटचं खोकं लांबूनच ओळखू येतं. त्यावर तीन मजली रस्ता असतो, हवेत कोलांटी मारणारी लाल गाडी असते, तोंडाचा चंबू करून बघणारा मुलगा असतो आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सेल सोबत नाहीत’ अशी सूचना असते. किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत कुठेही. त्यामुळे आईवडील, मामा, आत्या सगळेच एका जागी अडतात: यातला कोणता घ्यायचा, आणि पैसे वसूल होतील का?

उत्तर शोधताना बहुतेक जण गाडीकडे बघतात. वेग किती, लाइट लागतो का, आवाज येतो का. मी सुचवेन की नजर थोडी हलवा आणि मोटर चालू झाल्यावर मुलाच्या हाताला काय काम उरतं ते बघा. बटण दाबलं, गाडी गोल फिरली, मूल बघत बसलं, एवढाच खेळ असेल तर दुसऱ्या आठवड्यात खोकं पलंगाखाली जातं. मोटर गाडी पळवणार आणि रस्ता कसा असावा, कुठे अडावा, कुठून वळावा हे मूल ठरवणार, अशी वाटणी असेल तर तोच सेट दोन-तीन वर्षं टिकतो. पुढची सगळी पारख या वाटणीभोवतीच आहे. अपवाद फक्त सुरक्षेचा. तिथे तडजोड नाही, म्हणून तिचा विचार वेगळा.

मोटर कुठे आहे ते आधी बघा

दिसायला सगळे सेट सारखे असले तरी मोटरीच्या जागेवरून त्यांचे चार प्रकार पडतात, आणि प्रकार कळला की निम्मा निर्णय होतो.

पहिल्या प्रकारात मोटर गाडीतच असते. गाडीच्या पोटात एक-दोन किंवा तीन सेल, खाली बटण. रस्ता म्हणजे नुसते प्लास्टिकचे तुकडे. वाकणाऱ्या छोट्या तुकड्यांचे, अंधारात चमकणारे जे सेट सगळीकडे दिसतात ते याच जातीचे. यात रस्ता हवा तसा वळवता येतो ही मोठी जमेची बाजू. पण तुकडे बोटभर लांबीचे असतात. प्रत्येक जोड ‘टक्’ करून बसवायला बोटांत जोर लागतो, आणि चार वर्षांच्या मुलाला शंभर-दीडशे जोड जमत नाहीत. मग ते काम बाबांकडे जातं.

दुसऱ्या प्रकारात मोटर रस्त्यात असते आणि ती गाडीला ढकलते. एका छोट्या घरासारख्या डब्यात दोन चाकं गरागरा फिरतात, गाडी त्यांच्यामधून गेली की पुढे फेकली जाते. याला बूस्टर म्हणतात. यात गाड्या साध्या, मुठीत मावणाऱ्या धातूच्या. म्हणजे हॉट व्हील्सने १९६८ पासून घरोघर पोचवल्या त्या मापाच्या. फायदा असा की मोटर बंद असली तरी गाड्या हाताने खेळता येतात, आणि घरात आधीपासून असलेल्या गाड्याही चालतात. तोटा असा की फेकली गेलेली गाडी वळणावर बाहेर उडू शकते.

तिसऱ्या प्रकारात मोटर गाडीला फक्त वर चढवते. साखळी, फिरता दांडा किंवा पाळणा गाडीला माथ्यावर नेतो, पुढे ती उतारावरून आपली आपण घरंगळत येते. वेग बेताचा, अपघात कमी, आणि गाडी कुठून येते, कुठे जाते हे लहान मुलाच्या नजरेला पकडता येतं. तीन ते पाच वर्षांसाठी मला हा प्रकार सगळ्यांत समजूतदार वाटतो.

चौथा प्रकार म्हणजे ज्यात गाडीला वीज रस्त्यातूनच मिळते. रस्त्यात खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, हातात वेग कमी-जास्त करणारा ट्रिगर. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेला स्केलेक्स्ट्रिक हे याचं गाजलेलं उदाहरण. यात मुलाच्या हाताला खरं कसब लागतं, कारण वळणाआधी वेग कमी केला नाही तर गाडी बाहेर जाते. पण वीज बहुतेक वेळा भिंतीतल्या अडॅप्टरमधून येते, पट्ट्या पुसाव्या लागतात, खाचेत गाडीची पिन नेमकी बसवावी लागते. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी, आणि सुरुवातीला मोठं माणूस शेजारी बसणार असेल तरच.

खोकं वाचायची रीत

भारतात खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर तेव्हापासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खेळणं परदेशातून आलेलं असलं तरी. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. म्हणून मोटरीच्या ट्रॅक सेटवर १५६४४ हा आकडा दिसायला हवा. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का ते कळतं. दुकानात उभ्या-उभ्या होणारं काम आहे. दुकान चकाचक आहे म्हणून ते टाळू नका; २०२३ च्या सुरुवातीला बीआयएसने चिन्ह नसलेली हजारो खेळणी जप्त केली, तेव्हा त्यांत विमानतळांवरच्या आणि मॉलमधल्या नामांकित दुकानांतला मालही होता.

खोक्यावर ‘सीई’ अक्षरं दिसली म्हणून समाधान मानू नका. ते युरोपातल्या नियमांचं पालन केल्याचं उत्पादकाने केलेलं जाहीर विधान असतं. भारतात विकायच्या खेळण्याला ते आयएसआयच्या जागी चालत नाही.

यानंतर वयाचा आकडा. ‘तीन वर्षांवरील’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ‘आमचा अडीच वर्षांचा आहे, पण फार हुशार आहे’ हे वाक्य मनात येतंच. पण हा आकडा बहुतेक वेळा हुशारीचा नसतो, गिळण्याचा असतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी मानकात एक छोटी नळकांडी ठरवलेली आहे: व्यास ३१.७ मिलिमीटर, खोली तिरप्या तळामुळे २५.४ ते ५७.१ मिलिमीटर. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. घरी टिश्यू पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणून चूक झालीच तर सुरक्षिततेच्या बाजूने होते. सेटमधले सिग्नलचे खांब, कुंपणाचे तुकडे, छोटी झाडं, गाडीचे टायर यातून टाकून बघा. घरात धाकटं भावंड रांगत असेल तर वयाचा आकडा त्या धाकट्याला लावायचा, ज्याचा वाढदिवस आहे त्याला नाही.

तुकड्यांची संख्या आणि वळणांचा हिशेब

‘१८० पीसेस’ या मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नका. त्यात स्टिकर, झेंडे, कुंपण, झाडं सगळं मोजलेलं असतं. विचारायचं ते हे: प्रत्यक्ष रस्ता किती लांब होतो, आणि त्यात वळणाचे तुकडे किती?

बऱ्याच सेटमध्ये वळणाचा एक तुकडा ४५ अंशांचा असतो. आठ जोडले की पूर्ण वर्तुळ. खोक्यात नेमके आठच असतील तर गोल, लांबट गोल किंवा चौकट, असा एकाच बाजूला वळत जाणारा बंद रस्ताच होतो. सरळ तुकडे कितीही वाढवा, उलटं वळण मिळत नाही. सोफ्याच्या कोपऱ्याला वळसा घालणारा काटकोनी रस्ता करायचा तर पाच कोपरे एका बाजूला आणि एक कोपरा उलट्या बाजूला वळावा लागतो. एका कोपऱ्याला दोन तुकडे, म्हणजे एकूण बारा. इंग्रजी आठच्या आकड्याचा रस्ताही बारा वळणांतच होतो, वर मध्ये छेदणारा तुकडा किंवा पूल लागतो. म्हणून आठ आणि बारा यांमधला फरक चार प्लास्टिकच्या तुकड्यांचा वाटला तरी खेळाच्या दृष्टीने तो एका रस्त्याचा आणि अनेक रस्त्यांचा फरक आहे. वळण उलट्या बाजूनेही जोडता येतं का तेही बघा. काही सेटमध्ये जोडांची रचना अशी असते की सगळी वळणं एकाच बाजूला जातात.

पुढे वाढवता येतो का, हाही याच हिशेबाचा भाग. त्याच कंपनीचे सुटे तुकडे मिळतात का? तिच्याच दुसऱ्या सेटच्या रस्त्याची रुंदी आणि जोड तेच आहेत का? या बाबतीत जपानच्या टोमी कंपनीची प्लारेल ही खेळण्यातली रेल्वे बघण्यासारखी आहे. ती १९५९ मध्ये आली आणि तिच्या रुळांचं माप आजही तेच आहे. आजीच्या काळातले रूळ नातवाच्या रुळांना जोडता येतात. असा सेट महाग वाटला तरी तो दर वाढदिवसाला नव्याने जगतो. उलट ज्याचा तुटलेला जोड कुठेच मिळत नाही तो सेट त्या जोडापाशीच संपतो.

कोलांटी खरंच मारेल का?

लूप असलेला सेट मुलांना हमखास भुलवतो, आणि सगळ्यांत जास्त निराशाही तोच करतो. दुकानातच पडताळता येईल असा यामागचा हिशेब सोपा आहे. उतारावरून सोडलेली गाडी लूपच्या माथ्यावर न पडता फिरायची असेल तर तिला लूपच्या त्रिज्येच्या किमान अडीच पट उंचीवरून सोडावं लागतं, आणि हेही घर्षण अजिबात नाही असं धरून. लूपचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या १०, म्हणून सुरुवात तळापासून निदान २५ सेंटिमीटरवर हवी. प्रत्यक्षात चाकं घासतात, रस्ता हलतो, त्यामुळे त्याहून बरीच जास्त. खोक्यावरच्या चित्रात चढ लूपच्या माथ्यापेक्षा जेमतेम वर दिसत असेल तर घरी गाडी अर्ध्यावरून खाली येणार.

मोटरवाल्या सेटमध्ये ही उणीव मोटर भरून काढते. पण सेल ताजे असतील तोवर. सेल थोडे उतरले की गाडी सपाटीवर मजेत धावते आणि लूपमध्ये पडते. मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, किंवा खेळणं बिघडलं. पाच वर्षांखालच्या मुलासाठी लूप नसलेला, चढ-उतार आणि फाटे असलेला सेट घेणं शहाणपणाचं. लूप असेलच तर तो काढूनही रस्ता पूर्ण होतो का, ते बघा.

हाताने करायच्या तपासण्या

पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्ल्यांत बरेच विक्रेते सांगितल्यावर खोकं उघडून दाखवतात. संधी मिळाली तर चमकदार गाडीआधी दोन रस्त्याचे तुकडे हातात घ्या. जोडा, सोडवा, पुन्हा जोडा. मोठ्या माणसाला जोर लावावा लागत असेल तर मुलाला ते जमणार नाही. पहिल्याच वेळी सैल बसत असेल तर महिन्याभरात रस्ता आपोआप सुटेल. जोडाची जीभ बारीक आणि ठिसूळ आहे की जाड, तेही दिसतं. जोडावरून बोट फिरवा. पायरी लागली तर गाडी तिथेच अडखळेल.

मग गाडी. सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का? नखाने उघडत असेल तर सेट परत ठेवा. चाकं ओढून बघा, टायर सहज निघतात का. चाकाचा दांडा आणि गिअर झाकलेले आहेत का, की खालून उघडे दिसतात? गाडीला बंद करायचं बटण मुलाच्या बोटाला सापडेल असं आहे का? मोटर चालू असताना चाक हाताने अडवून धरा. क्षणभरात गिअर ‘टर्र’ करून सुटा फिरायला हवा किंवा मोटर थांबायला हवी. गाडी तापत राहिली तर ते लक्षण चांगलं नाही. रंगाचा उग्र वास येत असेल, कडा खरखरीत असतील, तर किंमत कितीही कमी असो, नको.

आवाजही इथेच ऐका. बूस्टरची घरघर दुकानाच्या गोंगाटात जाणवत नाही, पण दहा बाय बाराच्या खोलीत, दुपारी, खालच्या मजल्यावर कोणी झोपलेलं असताना ती फार जाणवते. सायरन किंवा गाणं असेल तर ते वेगळं बंद करता येतं का ते विचारा. हातभर अंतरावर बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर ते खेळणं मुलाच्या कानाजवळ रोज तासभर नको.

तीन गोष्टींत सवलत नाही

पहिली, बटण सेल. मुख्य मोटरीला मोठे सेल असले तरी चमकणारी पोलिस गाडी, आवाज करणारा टोलनाका, छोटा रिमोट यांत नाण्यासारखे चपटे सेल असू शकतात. सीआर २०३२ हा त्यातला सर्रास आढळणारा. २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या विजेमुळे आतल्या ओल्या त्वचेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. संशय जरी आला तरी लक्षणांची वाट पाहू नका, उलटी करायला लावू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. शक्यतो बटण सेल नसलेलाच सेट घ्या. असलाच तर झाकण स्क्रूचं हवं, आणि तो स्क्रू अधूनमधून तपासायला हवा.

दुसरी, चुंबक. काही सेटमध्ये रस्त्याचे खांब किंवा फरशा चुंबकाने जुळतात. आतले छोटे, शक्तिमान चुंबक प्लास्टिक फुटून बाहेर आले आणि मुलाने दोन गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये चिमटीत धरतात आणि आतडं फुटू शकतं. चुंबकाच्या तुकड्यांची शिवण पक्की आहे का बघा. तडा गेलेला तुकडा चिकटवत बसू नका, टाकून द्या.

तिसरी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही: केस. मुलं जमिनीवर आडवी होऊन, गाल रस्त्याला टेकवून गाडी येताना बघतात. लांब केस असतील तर ते गाडीच्या दांड्यात किंवा बूस्टरच्या चाकांत गुंडाळले जातात. खेळायला बसताना केस बांधायचे, हा घरातला नियमच करा. ओढणी आणि मफलरलाही तोच. बूस्टरच्या समोर तोंड नेऊन बघायचं नाही, हा दुसरा नियम; फेकली गेलेली धातूची गाडी डोळ्याला लागू शकते.

सेलचा खर्च किमतीत धरा

सेट स्वस्त आणि सेल महाग, हा प्रकार अनेक घरांत घडतो. दोन गाड्या, प्रत्येकीत तीन छोटे सेल, म्हणजे एका भरण्याला सहा. म्हणून दुकानातच विचारा की एकूण किती सेल आणि कोणत्या मापाचे लागतात. पेन्सिल सेल म्हणजे एए हे त्याहून बारीक एएएपेक्षा बरेच जास्त टिकतात. पण ते जडही असतात, त्यामुळे छोट्या गाडीत सहसा बारीकच येतात. बूस्टरच्या किंवा गाडी वर चढवणाऱ्या सेटमध्ये सेल रस्त्यात बसतात, गाडी हलकी राहते आणि गाड्या वाढल्या तरी सेलचा खर्च वाढत नाही. हा त्या प्रकारांचा न दिसणारा फायदा.

रोज खेळणारं मूल असेल तर चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल आणि त्यांचा चार्जर एकदा घ्या. मात्र एक फरक लक्षात ठेवा. साधा सेल दीड व्होल्टचा, चार्ज होणारा सव्वाच्या आसपास, म्हणजे १.२ व्होल्टचा. तीन सेलच्या गाडीला साडेचारऐवजी ३.६ व्होल्टच मिळतात. सपाट रस्त्यावर गाडी थोडी संथ होते, जे लहान मुलासाठी बरंच आहे. पण उभ्या चढावर किंवा लूपमध्ये ती अडू शकते. माहितीपत्रकात असे सेल चालतील की नाही ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. अगदी स्वस्त सेल लवकर मान टाकतात आणि गळतातही. पावसाळ्यात खेळणं महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत पत्र्याच्या पट्ट्या लगेच गंजतात.

आत कायमची बॅटरी असलेल्या, यूएसबीने चार्ज होणाऱ्या गाड्यांना सेलचा खर्च नाही. पण बॅटरी थकली की ती बदलता येईल का, हे विचारा. रात्रभर चार्जिंगला लावू नका, चार्ज होत असताना खेळू देऊ नका. गाडीचं पोट फुगलेलं दिसलं तर वापर थांबवा आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

जागा, पसारा आणि परदेशातून आलेलं खोकं

मोजपट्टी नसेल तर घरातल्या लाद्या मोजा. दोन बाय दोनची लादी साधारण ६० सेंटिमीटरची. खोक्यावर ‘दीड मीटर बाय एक मीटर’ लिहिलं असेल तर अडीच लाद्या लांब आणि पावणेदोन लाद्या रुंद, शिवाय मुलाला भोवती बसायला जागा. ती जागा जेवायच्या वेळी मोकळी करावी लागणार असेल तर रस्ता उभारायला किती वेळ लागतो हे महत्त्वाचं ठरतं. मोठ्या, थोड्या तुकड्यांचा सेट अशा घराला सोयीचा. गालिच्यावर किंवा सतरंजीवर रस्त्याचे जोड वर-खाली होतात, चाकांत धागे आणि केस अडकतात. हे सेट फरशीचेच. चाकांच्या दांड्याभोवतीचा गुंता महिन्यातून एकदा चिमट्याने काढला तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळते.

अमेरिकेतून काका-मावशी सेट आणणार असतील तर अडॅप्टरचं आधीच सांगा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. अडॅप्टरवर ‘इनपुट १००–२४०’ असं छापलेलं असेल तरच तो इथे लावायचा. फक्त १२० लिहिलेला अडॅप्टर पिन बदलून भिंतीत घातला तर तो जळेल, आणि मुलाच्या अंगाजवळ जळेल. सेलवर चालणारा सेट आणायला सांगणं सगळ्यांत सोपं.

ऑनलाइन घेताना आयएसआय चिन्हाचा फोटो, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनलं ते दिसतं का बघा. पाच ताऱ्यांचे ‘मुलाला खूप आवडलं’ हे अभिप्राय बहुतेक वेळा खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. दोन-तीन ताऱ्यांचे, काही महिन्यांनी फोटोसह लिहिलेले वाचा. कोणता जोड तुटतो ते तिथे कळतं. जाहिरातीच्या व्हिडिओत गाडी एक पूर्ण फेरी दृश्य न तोडता मारते का ते पाहा. प्रत्येक वळणाला कॅमेरा बदलत असेल तर गाडी वळणावर काय करते ते दाखवायचं नाहीये. खोटं चिन्ह, सदोष माल, परत न घेणारा विक्रेता, अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिल आणि खोकं जपून ठेवा.

पहिल्या आठवड्यात काय बघाल

सेट घरी आला की सगळा उभारून मुलासमोर ठेवायचा मोह होतो. तो आवरा. पहिल्या दिवशी वर्तुळापुरते तुकडे आणि एक गाडी द्या. बाकीचं दोन-तीन दिवसांनी. मुलाने पहिला जोड स्वतः लावला की सेट त्याचा होतो.

मग बघा. गाडी रस्त्यातून निघाली तर मूल ती स्वतः बसवतं की दर वेळी हाक मारतं? रस्ता मोडून वेगळा करतं का? मोटर बंद करून हाताने गाडी फिरवतं का? रस्त्यात ठोकळे, वाटी, स्वतःचा हात ठेवून बघतं का? गाडीला नाव, रस्त्याला गाव मिळतं का? यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या तर निवड जमली. काहीच दिसलं नाही तर सेट वाईट आहे असं लगेच म्हणू नका. कदाचित तो वर्षभर आधी आलाय; खोक्यात भरून ठेवा आणि वाढदिवसाला पुन्हा काढा. मोठ्या मुलाच्या बाबतीत उलट करा. त्याला सांगा, माहितीपत्रक न बघता पलंगाखालून जाऊन परत येणारा रस्ता करून दाखव.

शेवटचा हिशेब

दोन-तीन सेटमध्ये निवड करायची असेल तर असं करा. सुरक्षेला गुण देऊ नका. तिथे फक्त पास किंवा नापास. आयएसआय चिन्ह आणि चालू परवाना, स्क्रूचं झाकण, वयाला साजेसे तुकडे, उघडा गिअर नाही, हाताने निघणारा बटण सेल किंवा सुटा चुंबक नाही. एकही नापास, तर सेट बाद. उरलेल्यांना दहापैकी गुण द्या. रस्ता किती प्रकारे बदलतो याला तीन. मूल जोड स्वतः लावू-काढू शकतं याला तीन. मोटरशिवायही खेळता येतं याला दोन. सेलचा खर्च आणि सुटे भाग मिळणं याला एक, आणि आवाज नि जागा याला एक. लाइट, सायरन, वेग यांना शून्य. ते खोक्याने आधीच विकलेले आहेत.

वयाप्रमाणे बोलायचं तर तीनच्या आत मोटरच नको, हाताने ढकलायची मोठी लाकडी किंवा प्लास्टिकची गाडी पुरे. तीन ते पाचला वर चढवणारा, घरंगळणारा सेट. पाच ते सातला बूस्टरचा किंवा वाकणाऱ्या तुकड्यांचा, पण वळणं मोजून. आठच्या पुढे खाचेचा रस्ता आणि हातातला ट्रिगर. बजेट कमी असेल तर मोठ्या सेटची स्वस्त नक्कल घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा छोटा सेट घ्या आणि पुढच्या वर्षी चार वळणं वाढवा. आणि सहापैकी पाच सेट नापास झाले, सहाव्याला चार गुण मिळाले, तर रिकाम्या हाताने दुकानाबाहेर या. येताना दोन धातूच्या गाड्या तेवढ्या घ्या. पुठ्ठ्याचा रस्ता घरी तुम्ही आणि मूल मिळून कापू शकता, आणि गुणांच्या तक्त्यात तो अनेक महागड्या सेटच्या पुढे जाईल.